सगळ्या टेस्ट ‘पास’, बिल मात्र चुकीचं!

सुरुवातीलाच कबूल करून टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठीच बोलतो, पण ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी नाईन की सिक्स्टी नाईन, हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद थांबावं लागतं. हा लेख माझ्या रूममेटने दोनदा तपासलाय, तरी काही चुका राहिल्या असतील तर त्या पोटात घाला. विषय टेक्निकल आहे, तरी मुद्दाम मराठीत लिहितेय. कारण ज्या मैत्रिणीमुळे हे सगळं डोक्यात आलं, ती मॅगझिन हातात पडल्यावर आधी मराठी विभाग उघडते.

तर गोष्ट अशी. थर्ड इयरला आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून आपल्या लेडीज हॉस्टेलच्या मेसच्या बिलाचं सॉफ्टवेअर केलं. रोजची हजेरी, फीस्टचे जादा पैसे, पाहुणीचं ताट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाडे. गावाला गेलं की अर्ज भरायचा, तितक्या दिवसांचे पैसे बिलातून वजा. रेक्टर मॅडमना ते इतकं आवडलं की जानेवारीपासून खरोखरची बिलं त्यातूनच निघायला लागली. आम्ही हवेत! इतर ग्रुपची प्रोजेक्टं व्हायवा झाला की सीडीत जाऊन झोपतात, आमचं चालू होतं.

मार्चमध्ये एक मुलगी बिल घेऊन रेक्टर ऑफिसमध्ये भांडायला आली. तिचे खाडे वजाच झाले नव्हते. आम्ही यादी काढून बघितली, तर अशा ११ जणी निघाल्या. त्यात माझी ही मैत्रीण होती. तिची आजी गेली म्हणून ती २७ जानेवारी ते ४ फेब्रुवारी घरी होती. ९ दिवस, रोजचे ९५ रुपये, म्हणजे ८५५ रुपये. ती ‘कमवा आणि शिका’मध्ये रोज तीन तास लायब्ररीत काम करते. तिने दोन्ही महिन्यांची बिलं पूर्ण भरली आणि कुणाला काही बोलली नाही. मी विचारलं, “अगं, सांगितलं का नाहीस?” तर म्हणाली, “मला वाटलं अर्ज उशिरा दिला म्हणून असेल. कॉम्प्युटरचं बिल आहे, ते कसं चुकेल?”

हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

चूक कुठे होती? खाडे एका महिन्यात सुरू होऊन दुसऱ्या महिन्यात संपले, की आमचा प्रोग्राम ते दोन्ही महिन्यांत मोजतच नव्हता. जानेवारीत रात्री दीड वाजता मी एक ‘छोटासा’ बदल केला होता, त्यात हे झालं. पण खरी लाज पुढे आहे. ही चूक पकडणारी टेस्ट आमच्याकडे होती! माझ्या पार्टनरने ती डिसेंबरमध्येच लिहिली होती. मार्चमध्ये ती एकटी चालवून बघितली. दोन सेकंदांत लाल.

दोन सेकंद! मग जानेवारीत ती का नाही चालवली? कारण ती ४८ मिनिटांच्या रांगेत उभी होती.

मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांसाठी थोडक्यात सांगते. टेस्ट स्क्रिप्ट म्हणजे आपल्या प्रोग्रामची परीक्षा घेणारा दुसरा प्रोग्राम. ‘या मुलीचे पाच खाडे टाक, बिल काढ, ४७५ रुपये कमी झाले का बघ.’ झाले तर हिरवा, नाही तर लाल. आमच्या अशा ३१२ टेस्ट होत्या. त्यातल्या ९६ चक्क ब्राऊझर उघडून, लॉगिन करून, बटणं दाबून बघायच्या. सगळ्या एकामागून एक चालायला ४८ मिनिटं. रात्री दीड वाजता बदल केल्यावर ४८ मिनिटं कोण बसणार? आम्ही ‘आपल्याला हव्या तेवढ्या’ चार-पाच टेस्ट चालवायचो आणि झोपायचो.

म्हणून माझं पहिलं मत असं, की जी टेस्ट कुणी चालवत नाही ती असून नसल्यासारखी आहे. आणि टेस्ट का चालवत नाहीत, तर नव्वद टक्के वेळा वेळखाऊ असतात म्हणून. (हा नव्वदचा आकडा माझ्या अनुभवाचा हं, कुठल्या सर्व्हेचा नाही!) टेस्टचा वेग हा चैनीचा विषय नाही. तो ८५५ रुपयांचा विषय आहे.

मग आम्ही वेग वाढवायला बसलो. कॉम्प्युटर ब्रँचच्या कुणालाही विचारा, पहिलं उत्तर येईल, “पॅरलल चालव ना!” आपल्या मेसचंच उदाहरण घ्या. एक मावशी एका तव्यावर दोनशे पोळ्या करायला बसली तर जेवण चार वाजता. चार मावशी, चार तवे, तर तासाभरात काम खलास. कॉम्प्युटरलाही आजकाल चार-आठ कोअर असतात, म्हणजे तेवढे तवे. आपल्या लॅबमधल्या मशीनवर आम्ही एकच तवा पेटवून बाकीचे तीन थंड ठेवत होतो. आमचं प्रोजेक्ट पायथनमध्ये होतं, त्यासाठी पायटेस्टला एक्सडिस्ट नावाची जोड मिळते. ‘मायनस एन फोर’ एवढं लिहिलं की चार वर्कर तयार होतात आणि टेस्ट वाटून घेतात. जावावाल्यांना जेयुनिट ५ मध्ये हीच सोय आहे, फक्त ती मुद्दाम चालू करावी लागते.

पण त्याआधी आमच्या गाईड सरांनी एक प्रश्न विचारला. “वेळ जातो कुठे, ते मोजलंत का?” आम्ही गप्प. मग मोजलं. पायटेस्टला ‘ड्युरेशन्स’ म्हणून सांगितलं की सगळ्यात हळू टेस्टची यादी मिळते. यादी बघून हसावं की रडावं कळेना. ब्राऊझरच्या ९६ टेस्टमध्ये प्रत्येकी तीन ठिकाणी आम्ही ‘पाच सेकंद झोप’ असं लिहून ठेवलं होतं. पान लोड व्हायला वेळ लागतो म्हणून! ९६ गुणिले १५ सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. ४८ पैकी २४ मिनिटं आमचा प्रोग्राम निव्वळ झोपा काढत होता. सकाळी आठच्या लेक्चरला शेवटच्या बाकावर असतो ना, अगदी तसा. त्या जागी ‘बटण दिसेपर्यंत थांब, दिसलं की पुढे हो’ असं लिहिलं. वेळ आला २९ मिनिटांवर, आणि अजून पॅरललचं नावही काढलेलं नव्हतं. सर बरोबर होते. झोपलेले चार वर्कर कामाला लावण्यापेक्षा आधी एकाला जागं करणं सोपं.

त्यानंतर ‘मायनस एन फोर’ लावलं. आणि काय सांगू! ३१२ पैकी ४१ टेस्ट लाल. पुन्हा चालवलं, ३७. पुन्हा चालवलं, ४४. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल नाही आणि दर वेळी निकाल वेगळा. पार्टनर म्हणाली, “पॅरलल बेकार आहे, बंद कर. एकामागून एक चालवलं की फक्त एकच लाल येते, ती दुरुस्त करू आणि सुटू.” ग्रुपमध्ये या विषयावर इतकं भांडण झालं की एक दिवस आम्ही वेगवेगळ्या टेबलांवर जेवलो.

माझं दुसरं मत इथे आहे. पॅरललने आमच्या टेस्ट बिघडवल्या नाहीत, त्या बिघडलेल्याच होत्या. एकामागून एक चालवताना ते झाकलं जात होतं, इतकंच.

कसं ते बघा. आमची पहिली टेस्ट खोली २१४ मध्ये एक खोटी विद्यार्थिनी तयार करायची. चाळिसावी टेस्ट तिचंच बिल काढायची. पण ती विद्यार्थिनी आपली आपण तयार करायची तसदी चाळिसावीने कधी घेतलीच नव्हती! चार वर्कर झाल्यावर चाळिसावी दुसऱ्या वर्करकडे गेली, पहिलीच्या आधी चालली, आणि ‘विद्यार्थिनी सापडत नाही’ म्हणून आपटली. दुसऱ्या एका टेस्टमध्ये मेसचा दर ९५ चा १०० करून बघायचा होता. केला, बघितला, आणि पुन्हा ९५ करायचं राहून गेलं. ती रांगेत शेवटी होती म्हणून कुणाला त्रास नव्हता. आता ती मध्येच चालली की शेजारच्या वर्करची सगळी बिलं चुकायची. चार मावश्यांमध्ये मिठाचा डबा एकच, आणि एकीने मीठ संपवून त्यात साखर भरून ठेवली, तसा प्रकार.

हे फक्त आमच्यासारख्या नवशिक्यांचं होतं असं समजू नका. मोठमोठ्या ठिकाणीही टेस्ट कधी हिरव्या कधी लाल येतात, त्यांना ‘फ्लेकी’ म्हणतात. गूगलच्या एका इंजिनिअरने २०१६ मध्ये लिहिलं होतं, की त्यांच्याकडे साधारण १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा आहे. २०१४ मध्ये अपाचेच्या प्रोजेक्टांवर एक अभ्यास झाला, त्यात कारणांची वर्गवारी आहे. नीट वाट न बघणं हे पहिलं कारण (आमचं ‘पाच सेकंद झोप’!), मग एकाच वेळी चालणाऱ्या कामांची टक्कर, आणि तिसरं म्हणजे टेस्टच्या क्रमावर अवलंबून राहणं. आम्ही तिन्ही विषयांत डिस्टिंक्शन मिळवली होती.

दोन शनिवार-रविवार लागले. प्रत्येक टेस्टने आपली विद्यार्थिनी आपण तयार करायची आणि जाताना पसारा आवरून जायचं, असा नियम केला. अगदी हॉस्टेलच्या नियमासारखा, फक्त हा पाळला. वर्करमागे एक वेगळा डेटाबेस दिला. (जँगोमध्ये २०१५ पासून ‘पॅरलल’ म्हटलं की तो आपण होऊन डेटाबेसच्या प्रती काढतो, आम्ही जँगो वापरत नव्हतो म्हणून हातानं केलं.) आणि पायटेस्टचीच ‘रँडमली’ नावाची जोड लावून टेस्टचा क्रम रोज पिसायला सुरुवात केली, पत्ते पिसतात तसा. क्रम बदलला तरी हिरवं आलं, तरच खरं हिरवं.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वेगळे डेटाबेस द्यायच्या आदल्या दिवशी पावती क्रमांकाची एक टेस्ट अधूनमधून लाल येत होती. एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या! वेगळे डेटाबेस दिले आणि ती गपगुमान हिरवी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मैत्रिणीचं ते वाक्य आठवलं आणि मला राहवेना. पुन्हा उघडून बघितलं. आमचा प्रोग्राम नवीन पावती करताना आतापर्यंतचा मोठ्यात मोठा क्रमांक वाचायचा आणि त्यात एक मिळवायचा. दोन वर्करनी एकाच क्षणी ११८ वाचलं, दोघांनी ११९ लिहिलं. हा टेस्टचा दोष नव्हताच, तो खरा दोष होता. एक तारखेला ऑफिसच्या दोन कॉम्प्युटरवरून एकाच वेळी पैसे भरून घेतले असते, तर दोन मुलींना एकच पावती मिळाली असती. मग कुणाचे पैसे भरले आणि कुणाचे नाही, हे कोण सांगणार? आम्ही पावती क्रमांक देण्याचं काम डेटाबेसवर सोपवलं, ‘हा क्रमांक दोनदा येता कामा नये’ असं बंधन घातलं, आणि मुद्दाम एकाच वेळी वीस पावत्या मागणारी एक वेगळी टेस्ट लिहिली.

म्हणून सांगते, पॅरलल चालवल्यावर टेस्ट लाल आली तर ‘परत चालव, होईल हिरवी’ असं करू नका. परत चालवून आलेला हिरवा रंग म्हणजे कॉपी करून मिळवलेले मार्क. आधी विचारा, टेस्ट चुकली की प्रोग्राम चुकला? थेरॅक-२५ नावाच्या रेडिएशन मशीनची गोष्ट सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत असते. १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना त्याने प्रमाणाबाहेर रेडिएशन दिलं, त्यातले काही दगावले. त्यातल्या काही अपघातांमागे अशीच दोन कामांची टक्कर होती. ऑपरेटरने ठराविक वेगाने टाईप केलं तरच ती व्हायची, एरवी सगळं ठीक. ‘अधूनमधून येतं’ म्हणजे ‘नाहीच’ असं नसतं.

शेवटी वेळ किती झाला? ११ मिनिटं. २९ ला चारने भागून सव्वासात यायला हवीत ना? नाही येत. १९६७ मध्ये जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला नियम आपण थर्ड इयरला पाठ करतो, तो मला इथे कळला. डेटाबेस उभा करणं वगैरे सुरुवातीची ३ मिनिटं वाटून घेता येत नाहीत. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, मावशी चार असोत की चाळीस. उरलेली २६ भागिले ४ म्हणजे साडेसहा, अधिक ३, झाली साडेनऊ. वरचा दीड मिनिट एका लांबलचक टेस्टने खाल्ला, बाकीचे वर्कर रिकामे आणि एक तिच्यात अडकलेला. हाव सुटली म्हणून आठ वर्कर लावून बघितले, तर १४ मिनिटं! कोअर चारच, मेमरी ८ जीबी, आणि त्यात आठ ब्राऊझर. तवे चारच असताना आठ मावश्या उभ्या केल्या की धक्काबुक्कीच व्हायची.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर पार्टनर पुन्हा वेगळ्या टेबलावर बसेल. तिचं म्हणणं होतं की पॅरललमध्ये चूक शोधणं अवघड जातं, चार वर्करचं बोलणं एकात एक मिसळतं, आणि तीच चूक परत दाखव म्हटलं तर दिसत नाही. हे खरं आहे. म्हणून रोज रात्री एकदा सगळ्या टेस्ट एकामागून एकही चालवतो. ज्यांच्या टेस्ट वीस सेकंदांत संपतात त्यांनी या भानगडीत पडूच नये, हेही तिचं मला पटलं. पण ‘एकामागून एक चालवलं की हिरवं येतं ना, मग झालं’ हे मात्र नाही पटलं. आपल्या सॉफ्टवेअरला मुली एकामागून एक, नंबर लावून वापरत नाहीत. एक तारखेला सगळ्या एकदमच येतात.

शेवटी आपल्या स्टाफला एक नम्र विनंती. सर, मॅडम, आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ‘टेस्ट केसेस’ नावाचा तक्ता असतो. अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘पास’. तो रकाना कसा भरला जातो हे तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. पहिलं ‘पास’ टाईप करायचं, बाकीची कॉपी-पेस्ट. मीही तेच केलं होतं. माझ्या रिपोर्टमध्ये ‘महिना ओलांडणारे खाडे’ या ओळीपुढे ‘पास’ लिहिलंय, सही-शिक्क्यासकट. जानेवारीत ते खोटं झालं आणि रिपोर्टला पत्ताही नव्हता.

तो तक्ता काढून टाका. त्याऐवजी व्हायवाच्या वेळी, तुमच्यासमोर, लॅबच्या मशीनवर आम्हाला सगळ्या टेस्ट चालवायला लावा. दहा-पंधरा मिनिटांत, क्रम पिसून, आणि दोनदा. दोन्ही वेळा निकाल सारखा आला तर मार्क द्या. ज्यांची टेस्ट पाऊण तास चालते त्यांना विचारा, की ती शेवटची कधी चालवली होती. मला हा प्रश्न डिसेंबरमध्ये कुणी विचारला असता तर मी उत्तर देऊ शकले नसते, पण जानेवारीत नक्की चालवल्या असत्या.

एप्रिलच्या बिलात ११ जणींचे पैसे वळते झाले. मैत्रिणीला मी सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली, “अगं जाऊ दे, आता बरोबर येतंय ना?”

येतंय. आत्ताच बघितलं. लेख लिहायला बसताना टेस्ट लावल्या होत्या, पहिला परिच्छेद संपायच्या आत झाल्या!

चूकभूल द्यावी घ्यावी.